वाक्यांचा फेरफार

बारावीच्या अनिवार्य इंग्रजीचा अध्यापक म्हणून हिरण्यकेशीच्या काठी ज्याने आपले केस पांढरे केले, त्याला गडहिंग्लजच्या बाजारपेठेत मिळणारा मान हा विद्वत्तेचा नसून, पोराचा विषय निघावा की राहावा हे ज्याच्या मर्जीवर अवलंबून आहे अशी लोकांची दृढ समजूत असते, त्या अंमलदाराचा असतो. संकेश्वरी मिरचीच्या पोत्यात हात घालून दराची घासाघीस करणारा अडत्यादेखील मला पाहताच सौदा अर्धवट टाकून विचारतो, "सर, पोरगं पस्तिसात बसतंय न्हवं?" उत्तरपत्रिका कोणत्या गावी आणि कोणाच्या टेबलावर जातात याचा मला सुतराम पत्ता नसतो, पण हे सांगून कोणाचा विश्वास बसत नाही, आणि मीही ते फार आग्रहाने सांगत नाही.

या विषयाचा प्राण म्हणजे वाक्यरूपांतर. तहसील कचेरीत जमीन जागच्या जागी राहते आणि फेरफाराच्या नोंदीने सातबाऱ्यावरील नाव तेवढे बदलते. तद्वत कर्तरीचे कर्मणी करताना अर्थाच्या बांधाला धक्का न लावता मूळ कर्त्याला निमूटपणे 'इतर हक्कां'च्या रकान्यात ढकलावयाचे असते. शेतकऱ्यांच्या मुलांना हे कलम उपजतच कळते. 'नो सूनर' दिसले की 'दॅन' आणावयाचा, 'लेस्ट' दिसले की 'शुड' हजर करावयाचा; वाक्यात कोण कोणाला काय म्हणतो आहे, याची चौकशी करण्याचे कारणच पडत नाही. 'लेस्ट'चा अर्थ काय, असे मी एकदा भर वर्गात विचारले, तेव्हा पहिल्या बाकावरील एक हुशार मुलगी माझ्याविषयी कणव वाटून म्हणाली, "सर, त्याला अर्थ नसतोय. त्याला शुड असतंय."

आमच्या या धंद्याचे आद्य पीठ म्हणजे 'रेन अँड मार्टिन'चे व्याकरण. त्यांतील रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि त्याच गृहस्थाने १९२४ साली 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनच्या पराक्रमांवरील कादंबरी लिहून विलायतेत कीर्ती मिळविली, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या कादंबरीत वाळवंटातील एका किल्ल्यावर शिबंदी जवळजवळ संपुष्टात आली असता, मेलेल्या शिपायांना तटावर उभे करून त्यांच्या हाती बंदुका दिलेल्या असतात, जेणेकरून शत्रूस किल्ला भरलेला वाटावा. साहेबाला हा प्रसंग कोठे सुचला असेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. इलाख्यातील उत्तरपत्रिका त्याने खासच पाहिल्या असल्या पाहिजेत. गाईडातून उचललेली निष्प्राण वाक्ये पानाच्या तटावर ओळीने उभी करून, परीक्षकास आत कोणी तरी जिवंत आहे असे भासविण्याची युक्ती आमच्या तालुक्यात आजही तितकीच जागृत आहे. मग प्रश्न वृक्षारोपणाच्या बातमीचा असो की रक्तदानाच्या आवाहनाचा. प्रमुख पाहुणे तेच, टाळ्यांचा कडकडाटही तोच.

मुंबई राज्यात एके काळी इंग्रजीचा श्रीगणेशा आठवीत होई, पुढे तो पाचवीत आला आणि २००० साली पहिलीत जाऊन बसला. आठवीत मुळाक्षरे गिरविलेले आजोबा मामलेदारास इंग्रजीत खणखणीत अर्ज लिहीत. पहिलीपासून शिकलेला नातू तोच अर्ज माझ्याकडून लिहून घेतो. या गावाला भाषेचे वावडे आहे, असेही नाही. संकेश्वर येथून हाकेच्या अंतरावर. कित्येक मुले घरी कानडी, शाळेत मराठी आणि चित्रपटगृहात हिंदी अशी तिहेरी वहिवाट बिनतक्रार सांभाळतात. कानडीचे थोर कवी विनायक कृष्ण गोकाक हे इंग्रजीचे प्राध्यापक, आणि तेच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते, हे उदाहरण मी दरसाल वर्गास देतो. वर्ग ते वहीत उतरवून घेतो व परीक्षेस येईल काय, असे विचारतो.

तथापि लेखी ८० गुणांचे एक वेळ निभावते. खरी पंचाईत तोंडीच्या २० गुणांची. गेल्या खेपेस एक दांडगा, गुडघ्यावर ताजे खरचटलेला उमेदवार समोर बसला. आवडत्या खेळावर चार वाक्ये बोल, असे इंग्रजीत फर्मावताच त्याची मुद्रा पंचनाम्यास आणलेल्या साक्षीदारासारखी झाली. अखेर मी मराठीत विचारले, "काल गोल का नाकारला रे?" त्यासरशी तो खुर्चीतून अर्धा उठला.

"सर, कीपर पुढं आल्ता, पर दोन डिफेंडर गोललाईनवर हुतं की! फॉरवर्ड क्लिअर ऑनसाइड! लाईन्समननं फुकट फ्लॅग वर केला, रेफ्रीनं व्हिसल मारली, गोल कॅन्सल!"

"हेच आता इंग्रजीत सांग."

तो पुन्हा खाली बसला. "मग ह्ये काय हुतं सर?"

मी सोळा गुण लिहिले. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली, की उमेदवाराने एकही वाक्य पुरे केले नाही. परंतु एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर सामन्याच्या दिवशी हे गृहस्थ विरुद्ध संघाच्या बाजूस बसलेले मी स्वतः पाहिले असल्यामुळे, त्यांची हरकत दाखल करून घेतली नाही.