फळीला पोक आणि घराला धाक

वन-बीएचकेत पुस्तकं आधी कपाटात मावतात, मग कपाटावर चढतात आणि शेवटी दिवाणात शिरतात. दिवाणाचं झाकण उघडायचं तर वर झोपलेल्या पाहुण्याला उठवावं लागतं. त्यामुळे त्यातले ग्रंथ पाहुणा गावी गेल्यावरच वाचायचे, असा अलिखित नियम होतो.

मग सुताराला बोलावणं जातं. 'पुस्तकांसाठी कपाट' असं बजावूनही तो मनात शोपीस मांडतो आणि तीन-साडेतीन फुटांची सलग फळी ठोकून मोकळा होतो. मीटरभर ओळीने लावलेली पुस्तकं सहज पंचवीस-तीस किलो भरतात. दिवाळी अंकांचा गुळगुळीत कागद तर त्याहून वजनदार. पाऊण इंची प्लायवूड दोन-तीन पावसाळे तग धरतं, मग मधोमध पोक काढतं. अडीच फुटांवर उभा आधार दिला असता तर हे टळलं असतं, पण तेव्हा घरच्यांना तिथे टीव्ही बसवायचा होता.

पुढची पायरी म्हणजे दुहेरी रांग. मागच्या रांगेतलं पुस्तक मालकीचं असतं, पण हाती लागत नाही. शोधून कंटाळलेला गृहस्थ अप्पा बळवंत चौकात जाऊन तेच पुस्तक पुन्हा विकत आणतो. जुनी प्रत दिवाळीच्या साफसफाईत सापडते, सोबत कसरीने कोरलेली नक्षी घेऊन. डांबरगोळ्या मात्र केव्हाच उडून गेलेल्या असतात.

मराठी वाचकावर कोशकारांनीही दया दाखवलेली नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंडच 23. विश्वकोश आता संकेतस्थळावर वाचता येतो, हे घरातली धाकटी मंडळी दर रविवारी ऐकवतात. खंड जागचे हलत नाहीत.

या दुखण्यावर ब्रिटनच्या पंतप्रधानानेही डोकं चालवलं होतं. ग्लॅडस्टन यांनी 1890 मध्ये पुस्तकं घरात कशी मांडावीत यावर अख्खा लेख लिहिला: फळ्या नुसत्या भिंतीला न चिकटवता भिंतीपासून काटकोनात खोलीत आणा, म्हणजे दोन्ही बाजू वापरता येतील. हिशोब चोख आहे. फक्त त्यात माणसांनी बसायचं कुठे, हा तपशील दुय्यम ठरतो. ऐंशी उलटल्यावर त्यांनी हजारो पुस्तकं हातगाडीवर घालून हावर्डन गावात स्वतः उभारलेल्या ग्रंथालयात नेली. आपल्याकडे त्या वयाच्या माणसाला माळ्यावरही चढू देत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्न मुळातूनच सोडवला. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधलं ते ग्रंथसंग्रहाला हक्काची जागा हवी म्हणून. हजारो ग्रंथ तिथे नांदले. 'चार मिनार' ही त्यांची दुसरी इमारत पुढे विकली गेली, तीही कर्ज फेडायला आणि पुस्तकं घ्यायला. पुस्तकवेडे हा दाखला घरात आवेशाने देतात. समोरून एकच प्रश्न येतो: "इतकं वाचता का तुम्ही?" तिथे विषय बदलतो.

हल्ली पाचगणीजवळच्या भिलारचं नाव निघतं. 2017 मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं, तेव्हापासून तिथे लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली आहेत. तसं कुठेतरी निदान दुबार प्रती तरी देऊन टाका, असा तोडगा घरच्यांनी काढला. गृहस्थ तयार झाले, पिशवी घेऊन बसले. एका प्रतीची बांधणी चांगली निघाली, दुसरीत समासातल्या खुणा होत्या. संध्याकाळी पिशवी रिकामी होती आणि दोन्ही प्रती पुढच्या रांगेत आल्या होत्या. मागे कोण गेलं, ते येत्या दिवाळीत कळेल.