सदतीस डोकी, एक पंचा

कळमेश्वरच्या माणसाने गरम पाणी बघायला तीनशे किलोमीटर जावं, हा विचारच मुळात उन्हात फिरलेल्या डोक्याचा आहे. २३ मे २०१३ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या आठवड्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आमच्या न्हाणीत जे पाणी येत होतं, त्यात शेवया शिजल्या असत्या. पण त्याला तीर्थ म्हणून कोणी हळदकुंकू वाहिलं नाही, की आमच्या दारात नारळाचं दुकान निघालं नाही.

सहल निघाली साडभाऊंच्या डोक्यातून, आणि साडभाऊंच्या डोक्यातून निघालेली गोष्ट आमच्या हिच्या डोक्यात शिरायला अर्धा दिवसही लागत नाही. साडभाऊ म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीचे यजमान. शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाले, पण तास संपल्याची घंटा काही त्यांना ऐकू आली नाही. मी बँकेत कॅशियर होतो. माझ्या शरीरात आता भरवशाचा एकच अवयव उरला आहे, उजव्या हाताचा अंगठा. गुडघे, कंबर, मान यांची मुदत संपली. अंगठा अजून शंभराची गड्डी डोळे मिटून मोजतो. अशा माणसाने सहलीला जाऊन करायचं काय? पण 'गरम पाण्याचे झरे व धबधबा, एक दिवस, चहा-नाश्ता-जेवणासह' असा कागद हिने फ्रिजवर चिकटवला, तेव्हा मामला माझ्या काउंटरवरून पुढे गेलेला होता.

झरे उनकेश्वरचे, धबधबा सहस्रकुंडचा. दोन्ही पैनगंगेच्या काठी, नांदेड जिल्ह्याच्या किनवटकडच्या टोकाला. एका दिवसात जाऊन यायचं म्हणून बस पहाटे तीनला सुटणार होती. साडेतीनला सुटली. धापेवाड्याच्या विठोबाचा जयजयकार झाला, आदासाच्या गणपतीचा झाला, आणि आमचा गाइड, गावातलाच एक पोट्टा, गळ्यात शिट्टी आणि हातात यादी घेऊन मधल्या वाटेत उभा राहिला.

"काकाजी, मामाजी, मावशी, सगळे आयका! आपण सदतीस जण हाओत. जिथं जिथं उतरू तिथं मी मोजीन. सदतीस भरल्याशिवाय बस हालनार नाही!"

मला त्याचं कौतुक वाटलं. मोजणाऱ्या माणसाबद्दल मला आपुलकी आहे.

प्रेक्षणीय स्थळांबद्दल लिहायला हवं, तर ती अशी: वर्धा अंधारात गेलं. कळंबच्या चिंतामणीला बसमधूनच नमस्कार. यवतमाळला तर्री-पोहे, तर्री चांगली, पोहे कालचे. माहूरच्या गडाकडे बघून सगळ्या बायकांनी एकदम हात जोडले आणि त्यात दोन पर्सा खाली पडल्या. बाकी दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन आणि पुन्हा कपाशी. माझी सीट मागच्या चाकावर होती. नागपूर-तुळजापूर महामार्ग गुळगुळीत आहे. तो सोडल्यावर प्रत्येक खड्डा माझ्या मणक्यात स्वतंत्रपणे जमा होत होता.

उनकेश्वरला अकरा वाजले. शंकराचं देऊळ आहे, कुंड आहे, पाणी खरोखर गरम आहे. मी आधी अंगठा घातला, मग बाकीचा मी. दहा मिनिटांनी गुडघ्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तक्रार मागे घेतली. यापुढचं सगळं कुरकुरून लिहिणार असलो, तरी तेवढं श्रेय त्या पाण्याला द्यायलाच हवं.

कुंडाच्या काठावर साडभाऊंचा तास सुरू झाला होता. कमरेला पंचा, अंगावर जानवं, हातात आंघोळीचा तांब्या. समोर सहलीतले चार जण, काही गावकरी आणि परभणीकडचं एक कुटुंब.

"इथली कथा अशी," साडभाऊ सांगत होते, "शरभंग ऋषींना अंगभर त्वचारोग झाला होता. प्रभू रामचंद्र आले, त्यांनी जमिनीत बाण मारला, गरम पाणी उसळलं, ऋषींनी स्नान केलं, रोग गेला. आता गंमत बघा, जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. तिथंही हेच ऋषी, हाच रोग अन् हाच बाण!"

"म्हणजे खरं कोणतं जी?" एकाने विचारलं.

"वाल्मीकींनी रोगाचं नावच काढलं नाही. अरण्यकांडात शरभंग रामाचं दर्शन घेतात, अग्नीत प्रवेश करतात अन् ब्रह्मलोकी जातात. आंघोळ आपण लोकांनी घातली. आता विज्ञान काय म्हणतं? महाराष्ट्रात जिवंत ज्वालामुखी आहे का? नाही! मग पाणी तापवतं कोण?"

कोणी हात वर केला नाही. साडभाऊंना तेच हवं असतं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते, आणि तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येतं. वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी अशी कोकणात या झऱ्यांची ओळच आहे. पूर्वेकडे मात्र उनकेश्वर, नदीपलीकडचं कापेश्वर, असे थोडेच. हे ते तांब्याने कुंडाच्या काठावर आकृती काढत सांगत होते. आकृती पाण्याची असल्यामुळे वाळत होती, म्हणून ते पुन्हा काढत होते. दुसऱ्या आकृतीनंतर मी जेवायला गेलो.

जेवण झाडाखाली झालं. आमच्या हिने शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातावर पोळी-भाजी ठेवली, वर लोणचं दिलं. पुढच्या सीटवरच्या वहिनींनी त्याच बाईला लाडू दिला. आणखी कोणी संत्र्याच्या गोळ्या दिल्या. हिला वाटलं, त्या वहिनींच्या सासूबाई. वहिनींना वाटलं, आमच्या. विदर्भात म्हातारं माणूस उपाशी दिसलं तर आधी वाढतात, मग कोणाचं म्हणून विचारतात; या खेपेला विचारायचं राहून गेलं.

दीड वाजता शिट्टी वाजली. गाइडने दोन्ही बाजूंच्या सीटवर बोट नाचवत डोकी मोजली.

"छत्तीस... सदतीस! बरोब्बर! चला भाऊ, घ्या गाडी!"

टॅली. दिवसाच्या शेवटी कॅश टॅली होण्याचं सुख ज्याने भोगलं आहे, त्याला स्वर्गाबद्दल उगाच कुतूहल नसतं. मी मान टाकली आणि झोपलो.

जाग आली ती किनवटच्या अलीकडे, आवाजाने. मागच्या रांगेतली तीच म्हातारी उठून उभी होती आणि गाइडच्या हातात काहीतरी कोंबत होती.

"घे ना बाप्पा, आधार कार्ड हाय. पंच्याहत्तरच्या वर हाय मी. तिकीट नाही लागत मले."

गाइड यादीकडे बघत होता, कार्डाकडे बघत होता, पुन्हा यादीकडे. बाईचं काहीच चुकलं नव्हतं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्या माणसाला एसटी फुकट आहे. ती रस्त्याच्या कडेला किनवटच्या गाडीची वाट बघत होती. गाडी उभी होती, दार उघडं होतं, गळ्यात शिट्टी आणि हातात कागद असलेला कंडक्टर "चला, बसा लवकर" असं ओरडत होता. तिने बसावं नाही तर काय करावं?

"अन् एक सांग," ती म्हणाली, "आता एस्टीत जेवन बी देतेत का?"

सगळी बस हसली. ती पण हसली. मी हसलो नाही, कारण माझ्या अंगठ्याला आतून काहीतरी टोचलं. कॅश कमी भरली तर खिशातून भरून मोकळं होता येतं. जास्त भरली तर ती सस्पेन्स खात्यात टाकून साहेबाला लेखी कळवावं लागतं. पण सगळ्यांत भयंकर तिसरा प्रकार: एका गड्डीत नोट जास्त, दुसरीत कमी, आणि बेरीज बरोबर. दोन चुका एकमेकींना झाकून गोडीगुलाबीने नांदत असतात.

"ही बाई जादाची," मी उठून म्हणालो. "तरी सदतीस भरले. म्हणजे आपला एक कमी आहे."

बसमध्ये शांतता पसरली. मग ज्याने त्याने आपापल्या माणसाला हात लावून बघितला. हिने मला दंडाला धरलं. लग्नानंतर पहिल्यांदा सर्वांसमक्ष. एवढ्यात कुठेतरी शाळेची घंटा वाजू लागली. ती हिच्या ताईंच्या पर्समध्ये वाजत होती. साडभाऊंच्या मोबाइलची रिंगटोन.

"ताई, भाऊजी कुठं आहेत?" हिने विचारलं.

"पुढं बसले न ते?" ताई म्हणाल्या. "मला शांत शांत वाटलं, म्हणून माझाही डोळा लागला."

साडभाऊंची पिशवी डोक्यावरच्या फळीवर होती. तीत पँट, शर्ट, बनियन, चष्मा, पाकीट, सगळं नीट घडी करून ठेवलेलं. म्हणजे सदतिसावा प्रवासी तासाभराच्या वाटेवर मागे होता आणि त्याच्याजवळ या क्षणी एक पंचा, एक जानवं आणि एक तांब्या एवढाच ऐवज होता.

"गाडी फिरवतो," ड्रायव्हर म्हणाला, "पन आजीले आधी सोडू. किनवट आलंच."

स्टँडवर गाइडने तिची पिशवी उतरवली. आमच्या हिने विचारलं, "एवढ्या लांब एकट्या येता आजी?"

"आमचा बुढा यायचा न मायासंगं. त्याच्या अंगावर डाग होते. एस्टीत कोनी बाजूले बसू देत नव्हतं. पान्यातून मातर त्याले कोनी उठवलं नाही. आता तो नाही. मी येतो वर्षातून एकदा, पाय बुडवतो."

पिशवी घेऊन ती चालायला लागली. गाइड तिच्या मागोमाग चौकशीच्या खिडकीपर्यंत गेला आणि तिच्या गावाची गाडी विचारून आला.

ते डाग कोडाचे होते की कुष्ठाचे, तिने सांगितलं नाही; शेजारून उठून जाणाऱ्यांनीही विचारलं नसणार. कोड तर एकाचं दुसऱ्याला लागतच नाही. कुष्ठाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि उपचार सुरू झाले की लवकरच त्याचाही संसर्ग थांबतो. कुष्ठ कुंडाने जात नाही, गोळ्यांनी जातं. आणि हे आम्हा वैदर्भीयांना कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. ज्या वर्ध्यातून आम्ही पहाटे घोरत गेलो, तिथे मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरचं कुष्ठधाम काढलं. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. इतकं सगळं आपल्या अंगणात, तरी बसमधली बाजूची सीट रिकामी राहतेच. माझी चिडचिड झाली. ती मणक्याची नव्हती.

बस उलटी फिरली. त्या तासात साडभाऊंचं काय झालं असेल यावर चर्चासत्र झालं. कोणी म्हणालं, पोलिसांत गेले असतील. कोणी म्हणालं, पंच्यावर कसे जातील? ताई म्हणाल्या, "ते कुठं जात नाहीत. ऐकणारं भेटलं असलं म्हंजे झालं."

भेटलं होतं. कुंडाच्या काठावर गर्दी तिपटीने वाढली होती. परभणीकर गेले होते, पण त्यांच्या जागी एका लग्नाचं वऱ्हाड आलं होतं. मधोमध पंच्यावर साडभाऊ उभे होते. अंग केव्हाच वाळलं होतं. कोणीतरी त्यांना चहा आणून दिला होता. आकृती आता कोळशाने काढलेली होती.

आम्हाला बघून त्यांनी हात वर केला. "झाली का सगळ्यांची आंघोळ? मग काय, निघू या!"

बस जाऊन आली, हे त्यांना माहीतच नव्हतं. ताईंनी पिशवी त्यांच्या अंगावर फेकली आणि उभ्या जिल्ह्याला ऐकू जाईल अशा आवाजात पृथ्वीच्या पोटातलं तापमान समजावून सांगितलं. वऱ्हाडातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. साडभाऊंनी शर्ट उलटा घातला. पुढे किनवटपर्यंत ते गप्प होते. त्यानंतर त्यांनी सहस्रकुंडवर बोलायला सुरुवात केली.

त्या सहस्रकुंडला पोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. पैनगंगा इथे काळ्या खडकांवरून असंख्य धारांनी कोसळते, असं साडभाऊंनी सांगितलं. आम्हाला अंधारात एक प्रचंड गडगडाट आणि तोंडावर उडणारे तुषार एवढंच मिळालं. मोबाइलच्या उजेडात थोडंसं पांढरं काहीतरी हललं. एक काठ नांदेडचा, दुसरा यवतमाळातल्या उमरखेडचा, म्हणजे अर्धा धबधबा मराठवाड्याचा आणि अर्धा विदर्भाचा. वेगळं राज्य झालं तर वाटणी कशी करायची, यावर मागच्या सीटवर दोघांचं भांडण लागलं. ते यवतमाळपर्यंत चाललं. गाइडने निघण्याआधी डोकी मोजली, नावं घेतली, आणि साडभाऊंना खांद्याला हात लावून दोनदा मोजलं.

कळमेश्वरला उतरलो तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते, म्हणजे एक दिवसाची सहल जाहिरातीबरहुकूम चोवीस तासांत पूर्ण झाली.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा सरता सरता जा, धबधब्याला पाणी असतं. नागपूरहून एका दिवसाचा हट्ट धरू नका; माहूरला किंवा किनवटला मुक्काम करा आणि सहस्रकुंड उजेडात बघा, कारण ते बघण्याजोगं आहे असं आवाजावरून वाटतं. उनकेश्वरला गुडघे जरूर बुडवा. बरोबर निवृत्त विज्ञान शिक्षक असल्यास त्यांचे कपडे त्यांच्याच हातात द्या. आणि मोबाइलही.