मृत्यू सिद्ध करा

"ताई, आरटीपीसीआरचा रिपोर्ट कुठाय?" सेतू केंद्राच्या खिडकीतून प्रश्न आला.

कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या अर्जासाठी आमच्या गावाकडच्या एक बाई पिशवीतला एकेक कागद काढून देत होत्या. एचआरसीटीची फिल्म, स्कोर २५ पैकी १८. ऑक्सिजन सिलिंडरची पावती. औषधांची बिलं. मृत्यूचा दाखला. दवाखान्याने दिलेल्या कागदावर कारण होतं, हृदयक्रिया बंद पडून. रिपोर्ट तेवढा नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये स्वॅब दिल्यावर चार-चार दिवस रिपोर्ट येत नव्हता आणि त्यांचे मालक तिसऱ्या दिवशीच गेले. माणूस गेल्यावर रिपोर्टच्या मागे कोण धावणार?

"मग अर्ज पुढं जाणार नाही," खिडकीने सांगितलं.

मी सोबत होतो. खिडकीमागचा मुलगा उर्मट नव्हता. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जे रकाने होते, तेवढंच त्याला माहीत होतं. खरं तर केंद्राने ३ सप्टेंबर २०२१ लाच सूचना काढल्या होत्या की आरटीपीसीआर नसला तरी दवाखान्यात तपासण्यांवरून कोविडचं निदान झालं असेल तर तो मृत्यू कोविडचाच धरावा. हे त्या खिडकीपर्यंत पोचवण्याचं काम कुणाचं होतं? ज्याचं होतं त्याने ते केलं नाही आणि त्याची शिक्षा पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला झाली. माझा राग त्या न केलेल्या कामावर आहे.

या मदतीची कुळकथा पाहिली तर राग आणखी वाढतो. १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने कोविडला आपत्ती ठरवणारं पत्र काढलं. त्यात मृताच्या कुटुंबाला ४ लाख रुपये द्यायचं लिहिलं होतं. त्याच दिवशी सुधारित पत्र निघालं आणि ४ लाखांची ओळ गेली. पुढे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. एवढा भार तिजोरीला पेलणार नाही, असं सरकारने तिथे सांगितलं. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने बजावलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ प्रमाणे सानुग्रह मदत देणं बंधनकारक आहे, रक्कम तुम्ही ठरवा. ठरली ५० हजार. तीही राज्यांच्या आपत्ती निधीतून. म्हणजे कायद्यात २००५ पासून लिहिलेली गोष्ट मिळवायलाही खटला लढावा लागला.

आणि महाराष्ट्राने काय केलं? डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे हिशेब आला तेव्हा राज्यात नोंदलेले मृत्यू एक लाखाहून अधिक, अर्ज सुमारे ३७ हजार आणि पैसे मिळालेली कुटुंबं शून्य. एकही नाही. सर्वाधिक चिता जिथे पेटल्या त्या राज्याचा हा हिशेब. न्यायमूर्तींनी खडसावल्यावर चाकं हलली. जे काम खडसावल्यावर महिन्याभरात सुरू होऊ शकतं, ते त्याआधी का होत नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये दुसरंच चित्र दिसलं. नोंदलेले मृत्यू दीड लाखाच्या आत आणि दावे दोन लाखांच्या पुढे. लगेच बोगस दाव्यांची चर्चा सुरू झाली. काही खोटे असतीलही, ते पकडलेच पाहिजेत. न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये पाच टक्के दावे तपासायची मुभा दिली, ते योग्यच झालं. पण चाचणीनंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, हा नियमच मुळात उशिरा आला. आधीची मोजणी त्याहून तोकडी होती. दावे वाढले त्याचं मोठं कारण हे आहे. आमच्या त्या बाईंसारखी माणसं सरकारी आकड्यात कधी आलीच नव्हती.

त्या बाई तालुक्याला चार वेळा गेल्या. एसटीचा संप चालू होता, म्हणून वडापमध्ये कोंबून घेऊन, दुप्पट भाडं देऊन. एकदा सर्व्हर डाउन. एकदा साहेब मीटिंगला. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली. शेवटी जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीपुढे कागद मांडून पैसे मिळाले. त्यातले बरेचसे दवाखान्यासाठी काढलेल्या उसनवारीत गेले.

मग कुणीतरी संजय गांधी निराधार योजना सुचवली. तेव्हा महिना १,००० रुपये. अट, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. भागाकार करून पाहा. दिवसाला ५७ रुपये. ज्या घरात रोज ५८ रुपये येतात ते घर आपल्या लेखी निराधार नाही. मजुरी, गॅस, तेल, एसटीचं तिकीट सगळं वाढलं, उत्पन्नाच्या अटीचा हा आकडा तिथेच बसून राहिला. हा अन्याय आहे आणि सत्तेवर कोण आहे याने त्यात फरक पडलेला नाही.

वेगळं करता येतं, हेही याच राज्यात दिसलं आहे. हेरंब कुलकर्णी आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून कोविडमध्ये नवरा गमावलेल्या बायकांच्या याद्या केल्या, मंत्र्यांना गाठलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्यासाठी 'मिशन वात्सल्य'चा शासन निर्णय निघाला, तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवायची ठरली. जिथे तहसीलदार मनावर घेणारा निघाला तिथे बायकांना दाखले घरी मिळाले. मृत्यूची नोंदवही ग्रामपंचायतीत असते, ग्रामसेवक सरकारचाच असतो. नोंद झाली त्या आठवड्यात त्यानेच अर्ज घेऊन त्या घरी जावं, एवढी साधी मागणी आहे माझी. पुढची साथ येण्याआधी हे नियमात लिहून ठेवा.

त्या बाईंना निराधार योजनेचा पगार सुरू झाला आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पुन्हा तहसीलला जायचंय, म्हणाल्या, सोबत येता का? या खेपेला हयातीचा दाखला लागणार आहे.