सिल्व्हरस्टोनचे काका

इंग्लंडमधल्या कुठल्याही मराठी घोळक्यात सिल्व्हरस्टोनचे एक काका असतातच. तिथे होणाऱ्या मोटार शर्यतीचं, ब्रिटिश ग्रां प्रीचं तिकीट काढलंय, हे तुम्ही कुणाला सांगायचा अवकाश, संध्याकाळी त्यांचा फोन येतो. अभिनंदन वगैरे काही नाही. पहिला प्रश्न : "बूट कुठले आहेत?"

या प्रश्नामागे २००० साल आहे. त्या वर्षी शर्यत नेहमीच्या जुलैऐवजी एप्रिलात, ईस्टरच्या रविवारी ठेवली होती. पाऊस असा लागला, की गाड्या उभ्या करायच्या शेतांचा नुसता राडा झाला आणि शनिवारी प्रेक्षकांची पार्किंगच बंद ठेवावी लागली. काका रविवारी गेले. डेव्हिड कूल्टहार्ड जिंकला हेही त्यांना आठवतं, पण आधी आठवतो तो डावा बूट. तो अजून नॉर्दम्प्टनशरच्या मातीत आहे. "कोहिनूर त्यांनी नेला, बूट मी दिला," असं ते म्हणतात आणि आपण हसायच्या आत दुसरा प्रश्न विचारतात : "बसणार कुठे?"

इथे नवखा हमखास सापडतो. पुण्याहून नुकताच आलेला आमचा एक तरुण अभिमानाने म्हणाला, "काका, थेट हॅमिल्टन स्ट्रेटवर. पिटच्या समोर." काकांनी आवंढा गिळला. कुणी न विचारता बँकेतली ठेव मोडली की वडीलधारे गिळतात तसा.

"हे बघ. ताशी तीनशेने गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. तुला समोर दिसणार अडीचशे मीटर. म्हणजे तीन सेकंद. फेऱ्या ५२. एका गाडीचं एकूण दर्शन १५६ सेकंद! अडीच मिनिटांसाठी एवढे पैसे मोजलेस?"

तरुणाचा चेहरा पडला. मग काकांनाच कणव आली. "सुरुवात दिसेल म्हणा. टायर बदलताना दिसतील. पण शुक्रवारी तरी बेकेट्सला ये."

बेकेट्स हा काकांचा खरा मुक्काम. मॅगॉट्स, बेकेट्स, चॅपेल अशी एकामागोमाग एक वळणं आहेत. डावं-उजवं, डावं-उजवं, आणि गाडी त्यांतून जाते ती जणू वळणं आहेत हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. टीव्हीवर हे कळत नाही. कॅमेरा गाडीबरोबर फिरतो, त्यामुळे वेग तिथेच मरतो. कडेला उभं राहिलं की तो डोळ्यांना दिसायच्या आधी पोटात कळतो. एवढ्या एका बाबतीत काकांशी माझं शंभर टक्के जमतं. शुक्रवारी सराव असतो, गर्दी बेताची असते, सगळ्या सर्किटभोवती हिंडता येतं. "शुक्रवारी अभ्यास, शनिवारी परीक्षा, रविवारी निकाल," हे काकांचं वेळापत्रक. "आणि निकाल काय, घरबसल्याही कळतो."

स्टँडचं तिकीट त्यांनी कधी काढलं नाही. गवताच्या उतारावर, साध्या प्रवेशाच्या तिकिटात, पहाटे फाटकाशी जाऊन जागा धरायची. सतरंजी, तिच्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर काकू. जागा अशी हवी की समोर वळण, बाजूला मोठा पडदा आणि पाठीमागे शौचालय, पण वाऱ्याची दिशा बघून. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या (काचेची एकही नाही, दारात काढून घेतात), टोपी, उन्हाचं मलम आणि रेनकोट. ही शेवटची तिन्ही एकाच दुपारी लागतात. सिल्व्हरस्टोन म्हणजे युद्धकाळातला बाँबर विमानांचा तळ. सपाट माळ, वारा अडवायला काही नाही. त्या तरुणाने छत्री काढली तेव्हा काका कळवळून म्हणाले, "अरे, मागच्यांनी काय तुझी छत्री बघायची?"

कानांत घालायचे बोळे ते सगळ्यांना वाटतात, स्वतः घालत नाहीत. व्ही-टेन इंजिनांचा काळ त्यांनी ऐकलाय. २०१४ पासून आलेली १.६ लिटरची हायब्रिड इंजिनं त्यांना मिक्सरइतकीही वाटत नाहीत. खरं तर काकांच्या मते मोटार शर्यत व्ही-टेनबरोबर २००५ सालीच संपली. त्यानंतरचं सगळं ते दरवर्षी तिकीट काढून, पहाटे उठून, निष्ठेने नाकारत आले आहेत.

२०२५ ची शर्यत मात्र त्यांना मनापासून आवडली. पाऊस पडला, हे एक. रेनकोट असलेले आणि नसलेले अशी मानवजातीची उभी फाळणी झाली आणि काका योग्य बाजूला होते. दुसरं म्हणजे निको हुल्केनबर्ग. एकोणिसाव्या जागेवरून निघून हा गृहस्थ तिसरा आला. २३९व्या शर्यतीत पहिल्यांदा पोडियमवर. काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. "बघा, मागून सुरुवात, घाई नाही, टायर वेळेवर बदलले. रांगेत कसं उभं राहावं ते याच्याकडून शिकावं!" पहिला आलेला नॉरिस घरचा पोरगा, सगळा माळ त्याच्या नावाने ओरडत होता, काकांना ते नंतर काकूंकडून कळलं.

काकूंचा उल्लेख ओझरता झाला, ते बरोबर नाही. त्या सतरंजीवर बसून एका कानाने सर्किटचा रेडिओ ऐकतात आणि विणकाम करतात. काका जागा, वारा, ढग, शेजाऱ्याची खुर्ची यांवर नजर ठेवून असताना सगळी शर्यत त्याच बघतात. "पियास्त्री पुढे होता, पण त्याला दहा सेकंदांची शिक्षा झाली," त्यांनी तरुणाला टाके न चुकवता सांगितलं. "सेफ्टी कारच्या मागे असताना एकदम ब्रेक दाबला म्हणून. मागे व्हर्स्टापेन होता ना."

झेंडा पडल्यावर तरुणाने निघायची घाई केली, ती काकांनी मोडून काढली. शर्यत संपली की लोकांना खुद्द ट्रॅकवर उतरता येतं. रबराचे वितळलेले तुकडे बुटाला चिकटतात, आणि त्यासाठीही बूट विचारले होते. मग उरलेले धपाटे. मग पार्किंग. तिथे गाडी सकाळीच तोंड बाहेर करून लावलेली. उलटी लावणाऱ्यांबद्दल काकांना फारसा आदर नाही.

तरीही फाटकापर्यंतच्या शंभर पावलांना तासभर लागलाच. कारण काका डावीकडून घुसणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबून, हात दाखवून, आधी जाऊ देत होते. सज्जनपणा इंग्लिश, ब्रेक अस्सल देशी. दर वेळी मागच्या सीटवर आम्ही तिघं समोर आदळत होतो.

"ब्रेक दाबला म्हणून दहा सेकंद," काकू विणकाम सावरत म्हणाल्या. "तुमच्या काकांना जन्मठेप झाली असती."