माजी व्हायची जागा

ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जायचं, यावर आमच्या घरात एकमत फार लवकर झालं. भांडण उरलं ते नव्या वसाहतीत की जुन्या, एवढ्यापुरतं. एवढंसं भांडण आम्ही वर्षभर पुरवून खाल्लं.

मी नव्याच्या बाजूचा. माझ्याकडे कारणं होती आणि ती ऐकायला भारदस्त होती. महारेरानं 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिलेत. दारं निदान 900 मिलिमीटर रुंद हवीत, लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावली पाहिजे, फरशी घसरती नको, बाथरूममध्ये धरायला दांडे हवेत. मी हे सगळं पाठ करून टेप घेऊन जुन्या वसाहतीत गेलो. तिथली लिफ्ट या नियमांच्या किती तरी आधी जन्मलेली. तिच्यात व्हीलचेअर जाते, पण ढकलणाऱ्यानं जिन्यानं यायचं. हे मी विजयी मुद्रेनं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे ढकलणारा कुणीतरी आहे तिथं.”

नवी वसाहत शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. तिथं तूर्तास डोंगर पूर्ण झालाय, बाकी काम चालू आहे. सॅम्पल फ्लॅट मात्र तयार होता. तो दाखवणारा मुलगा इतका तरतरीत, की त्याच्या शेजारी उभं राहिलं तरी आपला रक्तदाब सुधारल्यासारखा वाटायचा. “सर, इथं सगळे अ‍ॅक्टिव्ह सीनियर्स असणार,” तो म्हणाला आणि लगेच माझा दंड धरला, कारण पुढं गालिच्याची कड होती. क्लब हाउस, पोहण्याचा तलाव, टेबल टेनिस, पिकलबॉल. मला पोहता येत नाही. पण येत नसलेली गोष्ट घराखाली असणं आणि नसणं यात फरक आहेच.

आता खरं कारण सांगतो, कारण बायकोनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. नव्या वसाहतीत सगळी पदं रिकामी होती.

जुन्या वसाहतीत खाली लावलेली रहिवाशांच्या नावांची पाटी मी वाचली आणि माझं अवसान गळालं. तिथं नुसतं नाव कुणाचंच नाही. नावापुढं ‘निवृत्त’, मग हुद्दा, मग खातं. आणि ही माणसं निवृत्त झालेली आहेत यावर पाटीचा अजिबात विश्वास नाही. पाटबंधारे खात्यातले अधीक्षक अभियंता आहेत, ते बागेला पाणी सोडतात. सोडतात म्हणजे काय, आवर्तनं देतात! गुलाबांना रब्बीचं, मोगऱ्याला उन्हाळी. टेलच्या कुंड्यांना पाणी पोचत नाही ही तक्रार तिथंही आहे, आणि तिच्यावर कार्यवाही तिथंही होत नाही. निवृत्त न्यायाधीश आहेत, ते कॅरमच्या वादात निकाल राखून ठेवतात. एकदा राणी घेतली की नाही याचा निकाल दिवाळीनंतर लागला, तोवर दोन्ही पक्षकारांना राणी कोणती हेच आठवेना. मुख्याध्यापिका आहेत, त्या जेवणाच्या हॉलमध्ये कुणी कुठं बसायचं ते ठरवतात. बोलणाऱ्या दोघांना शेजारी बसू देत नाहीत. एसटीतले एक विभाग नियंत्रक आहेत, वसाहतीची छोटी बस आठवड्यातून दोनदा भाजी मंडईला जाते ती त्यांच्या शिट्टीशिवाय हलत नाही, आणि कुणी उशिरा आलं तर बस सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतो. सूचनाफलकावर मराठीचे दोन प्राध्यापक आहेत. पैकी एक लाल पेननं ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, दुसरे त्या सुधारणा हिरव्या पेननं परत फिरवतात, समासात नियम क्रमांक घालून. मूळ सूचना पाणी बंद राहणार असल्याची होती. पाणी बंद होऊन परत आलं, तरी लेखन चालू होतं.

आणि बँकवाले? मी बँकेतून असिस्टंट जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. हे मी आत्ताच सांगतोय असा समज होईल, पण पोस्टमनपासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. त्या पाटीवर माझ्याच हुद्द्याचे तीन होते. वर एक जनरल मॅनेजर. खजिनदार हे एकमेव पद बँकवाल्याच्या लायकीचं, ते जनरल मॅनेजरांकडे, आणि उरलेले तिघे त्यांच्या प्रकृतीची रोज अगत्यानं चौकशी करतात. मी गेलो तर चौथा. आयुष्यभर ज्येष्ठता यादीत झुरलो, आता ज्येष्ठांच्या यादीतही तेच?

नव्या वसाहतीत मात्र पाटीच नाही. तिथं मी संस्थापक-सदस्य असणार होतो. पहिली समिती, पहिली सर्वसाधारण सभा, प्रवेशद्वाराशी संगमरवरावर कोरलेली नावं. त्या दगडाची जागासुद्धा मी मनात नक्की केली होती.

खर्चाचा हिशेब मांडला तो मुलानं. तो अमेरिकेत फिनिक्सला असतो. त्यानं तक्ता पाठवला. नव्या, बांधकाम चालू असलेल्या घराला 5 टक्के जीएसटी, जुन्या रिसेलला नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, घर बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर 6. म्हणजे खरेदीखतावर मी नुसतं नाव घातलं तरी घर एक टक्क्यानं महागतं. “मी कधीपासून सांगतेय,” बायको म्हणाली. वसाहतीची अटही मजेदार. मुलगा घर विकत घेऊ शकतो, पण त्यात कायमचा राहू शकत नाही, तेवढं त्याचं वय झालेलं नाही. जन्मभर मुलांना वयाच्या अटी घालणारी शाळा-कॉलेजं पाहिली, या निकालानं जिवाला जरा बरं वाटलं.

त्या फिनिक्सच्या शेजारीच सन सिटी आहे. मागे गेलो असताना मुलानं आवर्जून दाखवली, “बाबा, या सगळ्याची सुरुवात इथं झाली” म्हणत. डेल वेब नावाच्या बिल्डरनं 1 जानेवारी 1960 ला ती वसाहत लोकांसाठी खुली केली. नमुन्याची घरं, गोल्फचं मैदान, दुकानं, सगळं आधी बांधून मग लोकांना बोलावलं. (आपल्याकडे आधी लोकांना बोलावतात.) दहा हजार येतील असा अंदाज होता, पहिल्या तीन दिवसांत लाखभर आले. तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायला अजून चार महिने होते. आज तिथं रस्त्यानं गोल्फच्या गाड्या निवांत फिरतात, झाडं मोठी झालीत, करमणूक केंद्रात मातीकामापासून पत्त्यांपर्यंत सगळे वर्ग भरतात. मला एकदम वाटलं, विचारावं, पहिल्या वर्षी आलेले लोक कुठे राहतात? मग मीच हिशेब केला. तेव्हा साठीचे असलेले आज सव्वाशेचे असते.

संस्थापक-सदस्यत्वाचा हा भाग ब्रोशरमध्ये नसतो.

ब्रोशरमध्ये आणखीही एक गोष्ट नसते. ती बायकोनं दाखवली. ते गुळगुळीत पुस्तक तिनं पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं आणि म्हणाली, “यात एकही माणूस एकटा नाही.” खरंच नव्हता. सगळीकडे जोडपी. सायकलवर जोडपं, चहाला जोडपं, सूर्यास्ताला जोडपं. सगळ्यांचे केस पांढरे, दात पांढरे, आणि कुणालाही चष्मा नाही.

तिनं जुन्या वसाहतीत काय केलं, ते मला तेव्हा कळलं. मी पाटी वाचत होतो तेवढ्या वेळात ती बाकावर बसलेल्या बायकांत जाऊन बसली होती. तिनं लिफ्ट विचारली नाही की क्लब हाउस. तिनं विचारलं, “एकट्या राहता?” बहुतेक जणी हो म्हणाल्या. मग विचारलं, “रात्री बेल दाबली तर कोण येतं?” त्यांतल्या ऐंशीच्या पुढच्या एक बाई म्हणाल्या, बेल अजून दाबायची वेळच आली नाही. साडेपाचला त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला नाही, तर समोरच्या विंगमधल्या बाई फोन करतात. फोन उचलला नाही, तर वॉचमन किल्ली घेऊन वर येतो. हे काही कुणी नियमात घातलेलं नाही. होत होत झालंय, वीस वर्षांत.

नव्या वसाहतीत प्रत्येक खोलीत लाल बटण आहे. मी सॅम्पल फ्लॅटमध्ये ते दाबून पाहिलं होतं. तो मुलगा हसून म्हणाला, “सर, अजून कनेक्शन दिलेलं नाही.”

“तिथं सगळे एका वयाचे जाणार,” बायको म्हणाली, “आणि सगळ्यांचे गुडघे एकाच वर्षी जाणार. मग उचलायचं कुणी कुणाला?” यावर माझ्याकडे नियम क्रमांक नव्हता. मी इतके महिने दोघांसाठी घर बघत होतो. ती बघत होती ते दोघांतल्या मागं राहणाऱ्यासाठी. कोण मागं राहील याचाही तिनं अंदाज बांधला असावा, कारण माझ्या साखरेचे रिपोर्ट तिच्याच पर्समध्ये असतात. मी विचारलं नाही. मला राग आला खरा. तिचा नाही, त्या ब्रोशरचा. एवढा जाड कागद वापरायचा, आणि त्यावर एक एकटी बाई चहा पिताना छापायला जागा नाही?

तर आम्ही जुन्या वसाहतीत अर्ज दिला. अर्जात ‘पूर्वीचा हुद्दा’ असा रकाना होता, मी पुरवणी जोडली. समितीनं भेटीला बोलावलं. हिला विचारलं, काय येतं? ही म्हणाली, पेटी वाजवते थोडी. समितीतल्या सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या. त्यांच्या भजनी मंडळाची पेटी गेले कित्येक महिने कुणी वाजवणारं नसल्यानं कपाटावर पडून होती. अर्ज मंजूर व्हायच्या आत हिला गुरुवारचं आमंत्रण आलं.

मग मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे वळल्या. माझं वय अडुसष्ट. ते वाचून त्यांनी चष्मा काढला आणि समितीला म्हणाल्या, “अगदीच तरुण आहेत हो!” जनरल मॅनेजरांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. मी नम्रपणे खजिनदारपदाच्या दिशेनं बोलायला सुरुवात केली होती.

“तुम्ही कार्यक्रमाच्या खुर्च्यांचं बघाल,” बाई म्हणाल्या. “लावायच्या आणि परत रचायच्या. बाकी कुणाच्या पाठी चालत नाहीत.”

मी म्हटलं, हरकत नाही, पण त्या पाटीवर नावापुढं निदान ‘आसनव्यवस्था प्रमुख’ एवढं तरी घालाल का? प्रमुख शब्दावर न्यायाधीशांनी निकाल राखून ठेवलाय.