उद्यापासून बंद

प्रत्येक टॉवरमध्ये एक तरी तारीखवाली आई असते. काशिमिऱ्याकडून घोडबंदर गावाकडे निघा, कुठल्याही सोसायटीत शिरा, आठव्या नाहीतर बाराव्या मजल्यावर ती सापडेल. तिच्या पोराला दोन वर्षं होऊन गेलेली असतात. ते लिफ्टचं बटण दाबतं, वॉचमनला 'ए काका' म्हणून दरडावतं, आणि घरात शिरल्याबरोबर आईचा कुर्ता वर करतं. कोणी विचारलंच, 'अगं, अजून अंगावर पितो?' तर हिचं उत्तर तयार असतं. 'नाही हो, सोडवतेच आहे. उद्यापासून बंद.'

हा उद्या बिल्डरच्या पझेशनसारखा आहे. पहिली तारीख होती वाढदिवसाची, तेव्हा नेमके दात येत होते. मग पाडवा ठरला, तर लशीने ताप आला. आणि आजारी पोराचं दूध तोडू नये यावर डॉक्टर आणि सासूबाई यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. गणपतीत गावी पाहुण्यांसमोर रडारड नको. दिवाळीत पोर फटाक्यांना घाबरतं. डिसेंबरात थंडी. (घोडबंदरला थंडी! पण खाडीवरून वारा येतो म्हणे.)

मत सगळ्यांना आहे. शेजारच्या काकूंच्या मते वर्षानंतर त्या दुधात नुसतं पाणी असतं. हे साफ चूक आहे, पण काकूंना सांगणार कोण? माहेरून फोन येतो, 'तू अडीच वर्षं प्यायलीस, काय बिघडलं तुझं?' नवरा मोठ्या मनाने म्हणतो, 'तुम्ही दोघं ठरवा.' दोघं म्हणजे ती आणि पोर.

तिचा खरा आधार आहे जागतिक आरोग्य संघटना. पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या अन्नाच्या जोडीने 2 वर्षं आणि त्यापुढेही, असं संघटना सांगते. त्या 'त्यापुढेही'त हिने संसार थाटलाय. फारच कोणी मागे लागलं तर ती खाडीपलीकडे बोट दाखवते. 'घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी 1737 ला घेतला, वसई हातात आली 1739 च्या मे महिन्यात. चिमाजी अप्पांनाही दोन वर्षं लागलीच ना?'

कायदाही तिच्या बाजूने होता, निदान कागदावर. 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची रजा मिळाली. पुढे बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी. पण ऑफिस अंधेरीला आणि बाळ घोडबंदरला! ती सुट्टी घेऊन निघाली असती तर फाउंटनच्या नाक्यावर ट्रकच्या मागे उभी असतानाच संपली असती. दिवसभर आई नाही म्हटल्यावर पोराने वसुली रात्रीवर ढकलली. दोनला एकदा, चारला एकदा.

मागे सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. कडुलिंबाचा पाला पाट्यावर वाटून दिला. 'लाव हे, एका दिवसात सुटेल.' पोराने चाटून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि हात पुढे केला, 'गूळ?' पाडव्याला कडुलिंबामागोमाग गूळ मिळतो, हे शिकवलं होतं सासूबाईंनीच. मग चिकटपट्टी लावून झाली. 'बाऊ झालाय हं आईला.' पोराने कळवळून फुंकर घातली, पट्टीवरून हात फिरवला आणि विचारलं, 'दुसला?'

एकदम तोडू नये हे मात्र डॉक्टरांनी बजावलंय. छाती दाटते, गाठी होतात, ताप भरतो. एकेक वेळ कमी करत जायचं. तसं तिने केलंही. सकाळचं सुटलं, रविवारी दुपारचंही सुटलं, पहाटे चारला पाण्याची वाटी पुढे केल्यावर पोर निमूट झोपायला लागलं. अडलंय फक्त संध्याकाळचं.

ते का अडलंय, हे तिच्या घरी एकदा साडेआठला जाऊन बसलात की कळतं. ती दमून आत येते, पर्स टाकते, हात धुते, पोराला घेऊन पलंगावर टेकते. पाय वर. आणि आतून सासूबाईंचा आवाज येतो, 'पाज गं आधी, कुकर मी लावते.' नवरा आपण होऊन पाण्याचा ग्लास आणून ठेवतो. वीस मिनिटं तिला कोणी काही मागत नाही. आख्ख्या दिवसात तिला हक्काने बसू देणारं एवढंच एक काम आहे, आणि दूध तुटलं की कुकर आपल्याकडे येणार हे तिला पक्कं ठाऊक आहे.

पोराचं म्हणाल तर ते केव्हाच तयार आहे. मध्ये दोन दिवस आत्याकडे राहिलं, एकदाही आठवण काढली नाही. परवा नवी तारीख जाहीर झाली, अक्षय्य तृतीया. माझं विचाराल तर मुहूर्ताची काही गरज नाही. सासूबाईंनी कुकर कायमचा पत्करला तर ती आज रात्रीच बंद करेल.