अनुभवी नवशिके पाहिजेत

जागा नवशिक्या डेटा इंजिनिअरची, अनुभव मात्र किमान तीन वर्षांचा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण हिंजवडीच्या मनुष्यबळ विभागांनी धोरण म्हणून स्वीकारलेली दिसते. या कोंडीवर क्लासवाल्यांचा तोडगा ठरलेला: एक सर्टिफिकेट, एक प्रोजेक्ट. प्रोजेक्ट बहुधा न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा, कारण तो डेटा फुकट आणि बऱ्यापैकी नीटनेटका मिळतो. मग उमेदवाराला मॅनहटनचे टॅक्सीभाडे पाठ असते. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा प्रश्न मात्र नोकरी लागल्यावर पडतो.

नोकरीचा मोठा भाग तर हाच. एकच ग्राहक तीन स्पेलिंगांनी आलेला, मोबाइलच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेले, खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्ये एक्सेलने गिळलेली. हे रोज निस्तरणारा एमआयएसचा कारकून अनुभवशून्य कसा? एसक्यूएल १९७०च्या दशकातली भाषा आहे, ती त्याला शिकवता येते. आकड्यावर संशय घ्यायची सवय लागायला वेळ जातो, आणि ती त्याला आधीच आहे. ‘रात्री दोनला पाइपलाइन तुटली तर नवखा काय करणार?’ हा आक्षेप रास्त आहे. पण रात्री दोनला नवख्याला एकटे सोडणे हा व्यवस्थापनाचा पराक्रम. त्याची शिक्षा उमेदवाराला कशाला? तेव्हा उमेदवारांनो, टॅक्सी सोडा. जवळच्या बाजार समितीचे कांद्याचे भाव रोज गोळा करा आणि त्यातल्या चुका कशा पकडल्या, तेवढे मुलाखतीत सांगा.